चौसष्ट घरांची संख्या : प्रकल्प नोंदी

१ ऑगस्ट २०२४

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात गणिताची एक मांडणी आपल्या शाळेची असावी, असं गेल्या वर्षापासून मनात होतं. नववीच्या दोघी आणि आठवीचे दोघे तयार झाले. विषय मुलांनीच आणला: बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट. पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं करत चौसष्ट घरं. राजाचं कोठार रिकामं होतं आणि गोष्ट तिथेच संपते.

एकूण दाणे म्हणजे २ चा ६४वा घात वजा १. फळ्यावर लिहिलं: १८४४६७४४०७३७०९५५१६१५. वीस अंक. वर्गातून "बाप रे" आलं. मला त्या "बाप रे"च्या पुढे जायचं आहे. ही संख्या प्रचंड आहे हे सगळे सांगतात, पण ती कशाकशाची बनली आहे हे मुलांसमोर उघडून कोणी ठेवत नाही. अट एकच ठेवली. फलकावर जे लागेल ते मुलांनी हाताने करून पाहिलेलं असलं पाहिजे.

३ ऑगस्ट

संगणक खोलीत मुलांनी स्प्रेडशीटमध्ये २ चा ६४वा घात वजा १ टाकलं. रकाना रुंद केल्यावर आलं १८४४६७४४०७३७०९६०००००. नववीतली मुलगी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, दोनाच्या घातातून एक वजा केला तर विषम संख्या यायला पाहिजे ना? मग शेवटी शून्य कसं?"

आजचा दिवस या एका प्रश्नाने भरून पावला. स्प्रेडशीट पहिले पंधरा अंक जपते आणि पुढे शून्यं भरते, हे मी नंतर सांगितलं. पण चूक सम-विषमावरून पकडली ती तिने. आता खरा आकडा हातानेच काढायचा असं सगळ्यांनी ठरवलं.

६ ऑगस्ट

मुलं त्रेसष्ट वेळा दुप्पट करण्याच्या तयारीत होती. त्यांना छंदःशास्त्र लिहिणाऱ्या प्राचीन पिंगलाचा मार्ग दाखवला. त्यात प्रश्न असा येतो की इतक्या अक्षरांच्या ओळीत लघु-गुरूंच्या मांडण्या किती? प्रत्येक अक्षराला दोन पर्याय, म्हणजे उत्तर दोनाचा घात. पिंगल दुप्पट करत बसत नाही. अक्षरांची संख्या निम्मी होत असेल तर निम्मी करून २ लिहायचं, होत नसेल तर एक वजा करून शून्य लिहायचं. शेवटाला पोचलं की उलट यायचं: शून्य दिसलं की दुप्पट, दोन दिसले की वर्ग.

६४ सहा वेळा निम्मा होतो आणि १ उरतो. म्हणून उलट येताना एक दुप्पट आणि सहा वर्ग. २, मग ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६, आणि शेवटी आपली संख्या अधिक एक. त्रेसष्टऐवजी सहा गुणाकार! अल्-बिरूनी या मध्ययुगीन विद्वानानेही इ.स. १०००च्या सुमारास पटाची ही बेरीज वर्गांच्याच वाटेने काढून लिहून ठेवली आहे.

१० ऑगस्ट

सहावा वर्ग म्हणजे दहा अंकी संख्येला दहा अंकी संख्येने गुणणं. ४२९४९६७२९६ चे दोन तुकडे केले, ४२९४९ आणि ६७२९६. मग (अ + ब) चा वर्ग. तिघांना तीन कागद वाटले. पहिल्या तुकड्याचा वर्ग १८४४६१६६०१. दुसऱ्याचा ४५२८७५१६१६. दोघांचा गुणाकार २८९०२९५९०४, तो दुप्पट करायचा. चौथी मुलगी बेरजेला.

बेरीज आली १८४४६७४४०६६५०९५५१६१६. नवाची कसोटी लावली. ४२९४९६७२९६ च्या अंकांची बेरीज ५८, म्हणजे १३, म्हणजे ४. चाराचा वर्ग १६, म्हणजे ७. उत्तराच्या अंकांची बेरीज ८८, म्हणजे १६, म्हणजे ७. जुळलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मला उत्तर माहीत होतं, म्हणून चूक दिसत होती. तरी बोलले नाही. "आता अकराची लावा," एवढंच सांगितलं. उजवीकडून एकाआड एक अंक अधिक-वजा करत गेलं की अकराने भागल्यावरची बाकी मिळते. ४२९४९६७२९६ ची बाकी ४, म्हणून वर्गाची ५ यायला हवी. उत्तराची आली १०. टाळ्या थांबल्या.

तीनही कागद पुन्हा तपासले. २८९०२९५९०४ उतरवताना आठवीतल्या मुलाकडून ९५ चे ५९ झाले होते, २८९०२५९९०४. अंक तेच, फक्त जागा बदललेल्या, म्हणून अंकांची बेरीज तीच राहिली आणि नवाच्या कसोटीला काही कळलं नाही. शेजारच्या अंकांची अदलाबदल अकराची कसोटी मात्र पकडते, कारण तिच्यात जागेला अधिक-वजाचं चिन्ह असतं. दोन कसोट्या का शिकवतात हे मी आजवर इतक्या चांगल्या उदाहरणाने दाखवू शकले नव्हते. चुकीचा कागदही फलकावर लावायचा, असं त्याच मुलाने सुचवलं.

दुरुस्त बेरीज: १८४४६७४४०७३७०९५५१६१६. एक वजा केला आणि संख्या हाती आली.

१४ ऑगस्ट

वाचायची कशी? अब्जाच्या पुढे मुलांची गाडी अडते. भास्कराचार्यांच्या लीलावतीतली स्थानांची नावं काढली. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. अठरा स्थानं. आपले अंक वीस. म्हणजे परार्धाच्याही पुढे दोन घरं उरतात आणि वाचन असं होतं: १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, निखर्व नाही, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, कोटी नाही, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६ शत, १ दश, ५.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, तो आमच्याच चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण इथे. तसा शिलालेख तिथे आहे. मुलं पाटणादेवीला दरवर्षी जातात. शिलालेखाचं त्यांना आजच कळलं.

१८ ऑगस्ट

सराफाच्या काट्यावर कोलम तांदळाचे हजार दाणे तोलले. १२ ग्रॅम. त्या हिशेबाने पटावरचा तांदूळ सुमारे २२ हजार कोटी टन होतो. जगात वर्षाला साधारण ५० कोटी टन तांदूळ तयार होतो, म्हणजे सुमारे ४४० वर्षांचं पीक. फलकावर याला एक कोपरा पुरेसा आहे.

४ सप्टेंबर

पोळा झाला, मुलं परत आली. आज संख्या फोडायला घेतली आणि हत्यार अगदी साधं निघालं: अ वर्ग वजा ब वर्ग. आपली संख्या म्हणजे २ च्या ३२व्या घाताचा वर्ग वजा १ चा वर्ग. म्हणून ती (२ चा ३२वा घात वजा १) गुणिले (२ चा ३२वा घात अधिक १). वजावाला तुकडा पुन्हा तसाच फुटतो, त्याचा वजावाला पुन्हा. शेवटी हातात राहतात ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७. वीस अंकांची संख्या वहीच्या एका पानावर सुटी झाली, एकही भागाकार न करता.

३, ५, १७ मूळ संख्या आहेत हे सगळ्यांना माहीत. २५७ पटकन तपासली. उरलेल्या दोघींशी झुंजायचं आहे. या सगळ्या एका घराण्यातल्या. २ चे १, २, ४, ८, १६, ३२ वे घात, प्रत्येकात एक मिळवलेला. फर्मा हा सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती. या घराण्यातली प्रत्येक संख्या मूळच असते असं त्याला वाटत होतं. पहिल्या पाच आहेतही. सहावी ४२९४९६७२९७. ती मूळ नाही, हे ऑयलर या स्विस गणितीने १७३२ मध्ये दाखवलं. ६४१ ने तिला नि:शेष भाग जातो.

नववीतल्या मुलीचा पुढचा प्रश्न मला अपेक्षित होता: "पण त्यांना ६४१ सापडला कसा? एकेक करत गेले?"

२१ सप्टेंबर

गणपतीत दोन आठवडे गेले, पण याच प्रश्नावर मी विचार करत होते. ऑयलरची वाट नववीला समजेल अशी कशी मांडायची? आज जमलं. त्याचं नाव आम्ही "माळा" ठेवलं.

१ पासून सुरुवात, दर वेळी दुप्पट, आणि ६४१ च्या वर गेलं की ६४१ वजा. मुलांनी वहीत ओळ धरली: १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२, ३८३, १२५, २५०, ५००, ३५९, ७७, १५४, ३०८, ६१६, ५९१, ५४१, ४४१, २४१, ४८२, ३२३, ५...

पंचविसाव्या दुपटीला ५ आला आणि आठवीतल्या मुलाने पेन्सिल खाली ठेवली. "पाच, दहा, वीस, चाळीस, ऐंशी, एकशेसाठ, तीनशेवीस, सहाशे चाळीस. बाई, बत्तिसाव्याला सहाशे चाळीस!" ६४० म्हणजे ६४१ ला एक कमी. म्हणजे २ च्या ३२व्या घातात एक मिळवला की ६४१ ने पूर्ण भाग जाणार. चार अब्जांवरच्या संख्येचा भागाकार न मांडता त्याने तो पूर्ण केला होता. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १, ही गंमत त्या आठ आकड्यांतच आहे.

बत्तिसाव्यानंतर ओळ उलट्या अंगाने फिरते. ६३९, ६३७, ६३३, म्हणजे आधीचेच आकडे ६४१ मधून वजा केलेले. चौसष्टाव्या दुपटीला पुन्हा १. चौसष्ट मण्यांची माळ पूर्ण.

यात ३ कुठेच नाही. मग ३ पासून दुसरी माळ. तिच्यातही चौसष्टच मणी, कारण ती म्हणजे पहिल्या माळेची तिप्पट. मग उरलेल्यांतल्या सगळ्यात लहान आकड्यापासून तिसरी. १ ते ६४० मधला प्रत्येक आकडा कोणत्या तरी एकाच माळेत बसतो. ६४० मणी, चौसष्ट-चौसष्टच्या दहा माळा.

ऑयलरच्या शोधाची किल्ली इथेच सापडते. जी मूळ संख्या ४२९४९६७२९७ ला भागेल, तिच्याही माळा चौसष्टच्याच असणार, कारण तिथेही बत्तिसाव्या दुपटीला तिच्याहून एक कमी येणार आणि ओळ वळणार. म्हणून तिच्यातून एक वजा केला की ६४ ने भाग गेलाच पाहिजे. मग बाकीच्या संख्यांकडे बघायचंच कशाला? ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतल्या मूळ फक्त पाच. मुलांनी पाचही भागाकार केले. १९३ ने बाकी १०९. २५७ ने २. ४४९ ने ३२५. ५७७ ने २८८. ६४१ ने शून्य, भागाकार ६७००४१७.

शाळा सुटून पाऊण तास झाला होता. शिपाईमामा दोनदा येऊन गेले.

२८ सप्टेंबर

हीच चाळण ६५५३७ ला. तिथे माळ बत्तीसची. वर्गमूळ २५६ च्या आसपास, म्हणून तिथपर्यंतच पाहायचं. ३२ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्या दोनच: ९७ आणि १९३. बाक्या ६२ आणि ११०. दोन भागाकारांत ६५५३७ मूळ ठरली.

मग ६७००४१७. वर्गमूळ २५८८ च्या जरा वर. १९३, २५७, ४४९, ५७७ आधीच बाद. उरल्या सात: ६४१ ने बाकी ४४, ७६९ ने १२०, ११५३ ने ३३४, १२१७ ने ८३२, १४०९ ने ६२२, १६०१ ने २३२, २११३ ने ९४. सात भागाकार आणि सात अंकी संख्या मूळ असल्याची खात्री, तीही आठवीच्या मुलाच्या हाताने. पुढे लुकास या फ्रेंच गणितीने ही चाळण आणखी बारीक केली, ६४ च्या जागी १२८. ती वापरली असती तर चारच भागाकार पुरले असते. तिची सिद्धता मुलांच्या आवाक्यात नाही, म्हणून आमच्या अटीप्रमाणे आम्ही सातच केले.

तर पूर्ण फोड अशी:

१८४४६७४४०७३७०९५५१६१५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

सात वेगवेगळ्या मूळ संख्या, प्रत्येक एकदाच. विभाजक बनवताना प्रत्येकीला घ्यायचं किंवा नाही घ्यायचं, म्हणून विभाजक १२८.

१९ ऑक्टोबर

परीक्षा संपली. माळांच्या चकत्या कापायला घेतल्या. घरोघरच्या जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या. जाड कागद आणि लाल-सोनेरी रंग आयताच मिळाला. ६४० चकत्या, प्रत्येकीवर आकडा, पंचने भोक, दोरा. कापताना अक्षता आणि गणपतीचे तुकडे येतात, ते मुली बाजूला ठेवतात.

१६ नोव्हेंबर

आजची नोंद टिकल्यांची. काळ्या कागदावर ६४ ओळी, ६४ उभे रकाने. पहिल्या ओळीत डावीकडे एक टिकली. पुढच्या प्रत्येक घरासाठी त्याच्या डोक्यावरचं घर आणि त्याच्या डावीकडचं घर पाहायचं. दोघांपैकी एकातच टिकली असेल तर इथे टिकली. दोन्हींत असेल किंवा दोन्ही रिकामी असतील तर हेही रिकामं. हा पास्कलचा त्रिकोण, सम आकडे पुसलेला. आपल्याकडे याला मेरुप्रस्तार म्हणतात. पिंगलाच्या सूत्रांवर दहाव्या शतकात हलायुधाने टीका लिहिली, तिच्यात तो आहे. ज्या शास्त्रातून वर्गांची रीत घेतली, त्यातूनच हा त्रिकोणही आला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

टिकलीला १ आणि रिकाम्या घराला ० समजून प्रत्येक ओळ द्विमान पद्धतीने वाचली. पहिली ओळ १. दुसरी ११, म्हणजे ३. तिसरी १०१, म्हणजे ५. चौथी ११११, म्हणजे १५. पाचवी १०००१, म्हणजे १७. मग ५१, ८५, २५५, २५७. नववीतल्या मुलीने आमच्या विभाजकांची यादी काढली आणि एकेक आकड्यापुढे खूण करत गेली. ओळींचे सगळे आकडे यादीत होते. चौसष्टावी ओळ चौसष्ट टिकल्यांनी गच्च भरली, आणि ती ओळ म्हणजेच आपली संख्या. संगणकाच्या ६४ बिटांत मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्याही हीच, सगळ्या खणांत १.

मग तिने खुणा मोजल्या. चौसष्ट. "१२८ पैकी निम्मेच का?" त्यावर चौघं मधली सुट्टी विसरले. उत्तर दोघींनी मिळून काढलं. त्रिकोणाला ४२९४९६७२९७ अख्खी दिसते, तिच्या आतले ६४१ आणि ६७००४१७ वेगळे दिसत नाहीत. दोन्ही एकत्र असलेले किंवा दोन्ही नसलेले विभाजक त्रिकोणात येतात. एकच असलेले चौसष्ट बाहेर राहतात. ते माळांनी दिले.

टिकल्या लागल्या ७२९, म्हणजे ३ चा सहावा घात. कारण चित्रातच दिसतं. ओळी दुप्पट केल्या की आधीच्या त्रिकोणाच्या तीन प्रती बसतात आणि मधली जागा काळी राहते.

२३ नोव्हेंबर

दोन लहान फलक. पहिला भूमितीचा. त्रिकोणातल्या दुसऱ्यापासून बत्तिसाव्या ओळीपर्यंतचे ३१ आकडे घ्या. तितक्या बाजूंची सुसम बहुभुजाकृती फक्त पट्टी आणि कंपासने काढता येते. विषम बाजूंच्या अशा आकृत्या आजवर एवढ्याच माहीत आहेत. सतरा बाजूंचं कोडं गाउसने १७९६ मध्ये सोडवलं. ६५५३७ बाजूंच्या आकृतीवर हर्मेस नावाच्या गणितज्ञाने दहा वर्षं घालवली.

दुसरा हनोईच्या मनोऱ्याचा. तीन खांब, एकावर उतरत्या आकाराच्या चकत्या; एका वेळी एकच हलवत, लहानीवर मोठी न ठेवता सगळ्या दुसऱ्या खांबावर न्यायच्या. हा खेळ १८८३ मध्ये त्याच लुकासने काढला. चौसष्ट चकत्या हलवायला नेमक्या आपल्या संख्येइतक्या चाली लागतात. सेकंदाला एक धरली तर ५८ हजार कोटी वर्षांहून जास्त. मुलांनी पाच चकत्यांचा मनोरा ३१ चालींत करून दाखवायचा सराव केला.

१३ डिसेंबर

प्रदर्शन. माळा छताच्या दोरीला टांगल्या, खाली टिकल्यांचा त्रिकोण, बाजूला चुकलेला कागद आणि त्याच्यावर अकराची कसोटी. सगळ्यात जास्त गर्दी त्या चुकलेल्या कागदापुढे झाली. दुसऱ्या शाळांची मुलं वही काढून नवाची आणि अकराची बाकी करून पाहत होती. एक आजोबा पहिल्या माळेचा प्रत्येक मणी बोटाने पुढे सरकवत पाचपर्यंत गेले, मग तिथून ६४० पर्यंत मोठ्याने मोजलं, आणि मुलाला म्हणाले, "परत सांग, इथून का वळली?" त्याने परत सांगितलं.

परतताना जीपमध्ये तो गप्प होता. मग विचारलं, "६७००४१७ च्या माळा केल्या असत्या तर?" त्यानेच पत्रिकेच्या उरलेल्या तुकड्यावर एक वजा करून ६४ ने भागलं. १०४६९४ माळा. बाकी शून्य आली तेव्हा तो कागद त्याने मला पुढे दिला. सोमवारी वर्गात तिची पहिली माळ सुरू करायची आहे, १ पासून. बत्तिसाव्या दुपटीला ६७००४१६ येतो का ते वहीत पाहायचं.